जुन्या सर्व्हरवरचं ऑनलाइन दुकान बाहेरच्या सेवांना जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगडचा हापूस, येवल्याची पैठणी, कोल्हापुरी चपला अशा मालाची कितीतरी ऑनलाइन दुकानं दहा-बारा वर्षांपूर्वी उभी राहिली आणि आजही त्याच सर्व्हरवर चालू आहेत. माल चांगला, गिऱ्हाईक जुनं, पण पेमेंट, कुरिअर, एसएमएस आणि जीएसटीच्या सेवा दरम्यान पुढे निघून गेल्या. अशा दुकानदारांकडून आणि त्यांचं काम पाहणाऱ्या डेव्हलपरांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः सेंटओएस ६ (सर्व्हरची एक लिनक्स आवृत्ती) वर चालणाऱ्या मॅजेंटो १ (ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर) ची आहेत, कारण सर्वाधिक प्रश्न त्याच जोडीबद्दल येतात. ओपनकार्टसारखं दुसरं दुकान-सॉफ्टवेअर किंवा पीएचपी भाषेत हाताने लिहिलेलं दुकान असेल, तरी बहुतेक उत्तरं तशीच लागू पडतात.

१. आमचा सर्व्हर "जुना" आहे की नाही, हे कसं ठरवायचं?

वयावर जाऊ नका, सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात की नाही ते बघा. सेंटओएस ६ च्या दुरुस्त्या ३० नोव्हेंबर २०२० ला थांबल्या, सेंटओएस ७ च्या ३० जून २०२४ ला. पीएचपी ५.६ चा पाठिंबा २०१८ च्या अखेरीस संपला, पीएचपी ७.४ चा नोव्हेंबर २०२२ मध्ये. मॅजेंटो १ ला कंपनीने ३० जून २०२० ला निरोप दिला. त्यानंतर ओपनमेज नावाने समुदायाने तो कोड जिवंत ठेवला आहे. विंडोजवर असाल तर सर्व्हर २००८ आर२ चा विस्तारित पाठिंबा जानेवारी २०२० मध्ये आणि २०१२ आर२ चा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. यांपैकी एकही तुमच्याकडे असेल, तर हे पान तुमच्यासाठीच आहे.

२. आम्ही कोडला हातही लावला नाही. कालपर्यंत चालणारं पेमेंट आज अचानक बंद कसं पडलं?

कारण बदल समोरच्या बाजूला झाला. दुकान जेव्हा पेमेंट गेटवेशी (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेशी) बोलतं, तेव्हा आधी दोघांत टीएलएसची (जोडणी गुप्त ठेवणाऱ्या पद्धतीची) बोलणी होते: कोणती आवृत्ती वापरायची, कोणतं सांकेतिकीकरण वापरायचं. टीएलएस १.० हे १९९९ चं, १.१ हे २००६ चं. कार्ड-उद्योगाच्या पीसीआय डीएसएस नियमांनी ३० जून २०१८ ही जुन्या आवृत्त्या सोडण्याची मुदत ठरवली होती आणि मार्च २०२१ मध्ये इंटरनेटच्या मानकांतूनही या दोन्ही आवृत्त्या अधिकृतपणे बाद झाल्या. आता गेटवे किमान १.२ मागतो. तुमच्या सर्व्हरला ती येत नसेल, तर बोलणी पहिल्याच वाक्याला तुटते. ऑर्डरचा मजकूर पलीकडे पोहोचतच नाही, म्हणून गेटवेच्या डॅशबोर्डवर त्या व्यवहाराची नोंदही सापडत नाही.

टीएलएस १.२ येते ओपनएसएसएल (टीएलएस हाताळणारी लायब्ररी) १.०.१ पासून, म्हणजे २०१२ पासून. सेंटओएस ५ वरच्या ०.९.८ ला ती येत नाही, तिथे सरळ प्रश्न ७ कडे जा. सेंटओएस ६ मध्ये १.०.१ आहे, म्हणजे क्षमता आहे, पण कित्येकदा दुकानाचं एक्स्टेंशनच आडवं येतं. जुन्या पेमेंट मॉड्यूलांमध्ये कर्लची (बाहेर विनंती पाठवणाऱ्या साधनाची) एसएसएल-आवृत्ती आकड्याने पक्की करून ठेवलेली असते. तिथे ३ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एसएसएलव्ही३ (टीएलएसच्या आधीची पद्धत), जे २०१४ च्या पूडल हल्ल्यानंतर सगळ्यांनीच बंद केलं. टीएलएस १.२ साठीचा आकडा ६ आहे. सगळ्या मॉड्यूलांत ही ओळ शोधा. एवढ्या एका आकड्याने बंद दुकानं चालू झालेली आहेत.

३. गेटवेचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडतो, मग दुकानालाच का जमत नाही?

ब्राउझर तुमच्या लॅपटॉपवर आहे, दुकान सर्व्हरवर. लॅपटॉपवरची तपासणी इथे काहीच सांगत नाही. सर्व्हरवर लॉगिन करून तिथूनच कर्लने, सविस्तर नोंदीचा पर्याय देऊन, त्या पत्त्याला विनंती करा. "हाऊज माय एसएसएल" नावाच्या साइटला सर्व्हरवरून विनंती केली, तर तुमची बाजू कोणती टीएलएस आवृत्ती वापरते ते ती जेसॉनमध्ये (डेटा मजकुरात मांडायच्या पद्धतीत) परत पाठवते.

एक गोष्ट आवर्जून बघा. कमांड लाइनवरचं पीएचपी आणि वेबसर्व्हरमधलं पीएचपी वेगवेगळं असू शकतं, दोघांचं कर्ल वेगळ्या लायब्ररीवर बांधलेलं असू शकतं. त्यामुळे हीच तपासणी एका छोट्या पीएचपी फाइलमधून, वेबसर्व्हरमार्फतही करा आणि काम झाल्यावर ती फाइल लगेच काढून टाका.

४. टीएलएस १.२ आहे, तरी "सर्टिफिकेटची मुदत संपली" म्हणतंय. समोरच्याचं सर्टिफिकेट तर ताजं आहे!

समोरचं ताजं असेल, तुमच्याकडची मूळ प्रमाणपत्रांची पेटी (सर्व्हर ज्यांच्यावर विश्वास ठेवतो त्यांचा संच) शिळी असेल. सगळ्यात गाजलेलं उदाहरण ३० सप्टेंबर २०२१ चं. लेट्स एन्क्रिप्ट (मोफत सर्टिफिकेटं देणारी संस्था) ज्या डीएसटी रूट सीए एक्स३ वर टेकलेली होती, ते मूळ प्रमाणपत्र त्या दिवशी संपलं. लेट्स एन्क्रिप्टचं स्वतःचं नवं मूळ प्रमाणपत्र पेटीत असलं, तरी ओपनएसएसएल १.०.२ आणि त्याआधीच्या आवृत्त्या संपलेल्या साखळीच्याच मागे जात आणि नकार देत. त्याआधी ३० मे २०२० ला अ‍ॅडट्रस्टच्या मूळ प्रमाणपत्राबाबत असाच गोंधळ झाला होता.

उपाय दोन टप्प्यांचा आहे: नवी मूळ प्रमाणपत्रं पेटीत घाला आणि संपलेलं प्रमाणपत्र नकार-यादीत टाकून पेटी पुन्हा बांधा. फक्त पहिला टप्पा करून अडकलेले खूप जण भेटतात. काही एक्स्टेंशनं स्वतःच्या फोल्डरमध्ये प्रमाणपत्रांची वेगळी फाइल बाळगतात. तिच्यावर सर्व्हरच्या पेटीचा काहीही परिणाम होत नाही, तीही बदला.

५. आमचा डेव्हलपर म्हणतो, प्रमाणपत्राची तपासणीच बंद करू. लगेच चालू होतं. करू का?

नाही. लगेच चालू होतं हे खरं आहे, आणि धोका तिथेच आहे. तपासणी बंद केली की समोर खरा गेटवे आहे की मध्येच बसलेला कुणी भामटा, हे दुकानाला कळायचा मार्ग उरत नाही. तुमची गुप्त किल्ली, ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, सगळं त्याच्या हातात जाऊ शकतं. तात्पुरतं म्हणून केलेला हा बदल वर्षानुवर्षं तसाच राहतो, कारण चालणाऱ्या दुकानाकडे कुणी वळून बघत नाही. प्रश्न ४ मधलं काम बहुतेक वेळा तासाभराचं असतं. तेवढा वेळ द्या.

तुमच्या कोडमध्ये असा बदल आधीच कुणी केलेला असेल, तर तो उलटवा आणि गेटवेच्या किल्ल्याही नव्या घ्या.

६. फक्त ओपनएसएसएल नवीन टाकता येणार नाही का? किंवा डॉकर?

मूळ ओपनएसएसएलवर नवी आवृत्ती चढवू नका. यम (सॉफ्टवेअर बसवणारं), एसएसएच (दूरून लॉगिन करायचं), वेबसर्व्हर, पीएचपी, सगळे त्याच लायब्ररीवर उभे आहेत. दूरच्या सर्व्हरवर एसएसएच मोडलं, तर आत शिरायचा दरवाजाच बंद होतो. वेगळ्या फोल्डरमध्ये नवं ओपनएसएसएल, त्यावर नवं कर्ल आणि त्यावर पीएचपी असं बांधता येतं, पण पुढची प्रत्येक दुरुस्ती तुम्हालाच हाताने करावी लागते. डॉकरला (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनाला) किमान ३.१० कर्नल (लिनक्सचा गाभा) लागतं आणि सेंटओएस ६ चं कर्नल २.६.३२ आहे, त्यामुळे तो विषय तिथेच संपतो.

७. मग करायचं काय? दुकान हलवायला आत्ता वेळ नाही, हंगाम तोंडावर आहे.

पूल बांधा. एक छोटा नवा सर्व्हर घ्या, दुरुस्त्या चालू असलेली लिनक्स आवृत्ती टाका आणि त्यावर एनजिनएक्स (विनंत्या पुढे नेऊ शकणारा वेबसर्व्हर) बसवा. जुनं दुकान पुलाशी बोलेल, पूल नव्या टीएलएसने बाहेरच्या सेवांशी बोलेल. दुकानाच्या कोडमध्ये फक्त सेवेचा पत्ता बदलतो. जुन्या दुकानात नवं तंत्र कोंबण्यापेक्षा हा मार्ग मला शंभर टक्के बरा वाटतो, कारण हंगामात चालतं दुकान मोडण्याची शक्यता यात सर्वांत कमी आहे.

एनजिनएक्समधल्या दोन गोष्टींवर बहुतेक जण अडखळतात. पहिली: पुढच्या सर्व्हरला त्याचं नाव सांगणारी सेटिंग, प्रॉक्सी एसएसएल सर्व्हर नेम, मुळात बंद असते. एकाच आयपीवर अनेक साइट असलेली सेवा मग भलतंच प्रमाणपत्र देते किंवा जोडणी तोडते. ती चालू करा. दुसरी: प्रॉक्सी एसएसएल व्हेरिफाय, म्हणजे समोरच्या प्रमाणपत्राची तपासणी, तीही मुळात बंदच असते. म्हणजे प्रश्न ५ मधली चूक नकळत पुलावर होते. ती चालू करून प्रमाणपत्रांच्या पेटीचा मार्ग द्या.

दुकान ते पूल हा रस्ता उघड्या इंटरनेटवरून साध्या एचटीटीपीने नेऊ नका. दोन्ही सर्व्हर एकाच होस्टिंग कंपनीकडे असतील तर तिचं खासगी नेटवर्क वापरा. नसतील तर एसएसएच बोगदा करा, पण तो नव्या बाजूने उघडा. नवं ओपनएसएसएच जुन्या आरएसए-शा१ सह्या स्वीकारत नाही. त्यामुळे जुना सर्व्हर आपणहून जोडायला गेला की नकार मिळतो. नव्या बाजूच्या क्लायंटमध्ये फक्त त्या एका पत्त्यापुरती सूट देता येते, बाकी सगळं कडक राहतं. पुलाने फक्त ठरलेल्या सेवांचेच पत्ते पुढे न्यावेत. वाटेल त्या पत्त्याला वाट देणारा पूल दुसऱ्यांच्या उद्योगांसाठी वापरला जातो.

८. पुलावरून कार्डाचा नंबर गेला तर चालेल?

जाऊच देऊ नका. कार्डाची माहिती गेटवेच्या स्वतःच्या पानावर भरली जावी, तुमच्या दुकानाला फक्त व्यवहाराचा क्रमांक मिळावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क सोडून कुणालाही कार्डाचा तपशील साठवता येत नाही. जुन्या मॅजेंटोत "सेव्ह्ड सीसी" नावाची पेमेंट पद्धत होती. ती चालू असेल तर आजच बंद करा आणि डेटाबेसमधली, तसंच जुन्या बॅकअपमधली माहिती पुसा.

९. कुरिअरची सेवा मंदावली की आमचं अख्खं दुकान अडकतं. का?

कारण ग्राहक "ऑर्डर करा" दाबून थांबलेला असताना दुकान कुरिअरच्या उत्तराची वाट बघत बसतं. कर्लमध्ये एकूण वेळेची मर्यादा मुळात नसतेच आणि जोडणी होण्यासाठी ते पाच मिनिटं थांबतं. अशा दहा-वीस विनंत्या साचल्या की पीएचपीचे सगळे कामगार अडकतात आणि नुसतं पान बघायला आलेल्यालाही काही दिसत नाही.

मर्यादा घाला: जोडणीला पाच सेकंद, एकूण पंधरा. पण खरा उपाय म्हणजे ऑर्डरच्या क्षणी बाहेर काही पाठवूच नये. डेटाबेसमध्ये रांगेचा एक तक्ता करा. त्यात ऑर्डर क्रमांक, कोणती सेवा, किती वेळा प्रयत्न झाला, पुढचा प्रयत्न कधी आणि शेवटचं उत्तर काय, एवढे रकाने पुरतात. क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) दर मिनिटाला त्यातली कामं उचलेल, फसलं तर थोड्या वाढत्या अंतराने पुन्हा करेल. अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या गर्दीत कुरिअर तासभर बंद असलं, तरी पेट्यांच्या ऑर्डरी सुखरूप राहतात.

१०. पैसे कापले गेले, पण ऑर्डर "पेंडिंग"च राहिली. ग्राहक चिडले आहेत.

ग्राहक पैसे भरून परत तुमच्या पानावर येईल, या भरवशावर दुकान चालवू नका. यूपीआय अ‍ॅपमधून तो परत येतोच असं नाही. नेटवर्क जातं, बॅटरी संपते. खात्रीचा निरोप वेबहुकचा, म्हणजे गेटवे थेट सर्व्हरला पाठवतो तो.

वेबहुक घेताना सही तपासा. रेझरपे हा गेटवे संदेशाच्या मजकुरावर एचमॅक शा-२५६ ने (गुप्त किल्ली वापरून) सही करून ती हेडरमध्ये पाठवतं. ही सही मूळ मजकुरावरच पडताळायची. आधी जेसॉन उलगडून पुन्हा बांधलं की एखादी मोकळी जागा बदलते आणि खरी सहीही खोटी ठरते. तुलना पीएचपीच्या हॅश-इक्वल्स फंक्शनने करा, ते ५.६ पासून आहे.

एकच वेबहुक दोनदा येऊ शकतो, उलट्या क्रमानेही येऊ शकतो. प्रत्येक घटनेचा क्रमांक साठवा, आधी आलेला असेल तर काही न करता यशाचं उत्तर द्या. नाहीतर एका पेमेंटवर दोन पेट्या रवाना होतील. वेबहुक आल्यावर तो फक्त नोंदवा आणि लगेच उत्तर द्या. बाकीचं काम प्रश्न ९ मधल्या रांगेला.

आणि रोज रात्री गेटवेची त्या दिवशीची यादी आणून ऑर्डरींशी ताडून पाहा. ज्याचे पैसे कापले गेले, त्याला सकाळी आपण फोन करावा, त्याने आपल्याला नव्हे.

११. गेटवे म्हणतो वेबहुक पाठवला, आमच्याकडे नोंदच नाही.

आता उलट्या दिशेची तीच अडचण: गेटवेचा नवा क्लायंट तुमच्या जुन्या वेबसर्व्हरशी जोडायला तयार नाही. वेबहुकचा पत्ता पुलावर द्या, पुलाने तो मजकूर जसाच्या तसा आत पाठवावा. फायरवॉल आणि मेंटेनन्स मोडही बघून घ्या. मॅजेंटोत मेंटेनन्सची फाइल राहिली की प्रत्येक वेबहुकला ५०३ (सेवा बंद) जातो.

१२. एक पैशाचा फरक येतो आणि गेटवे रक्कम नाकारतो. हे काय आहे?

गेटवेला रक्कम पैशांत, पूर्णांकात हवी असते. पीएचपीत १९.९९ ला १०० ने गुणून थेट पूर्णांक केला की १९९९ ऐवजी १९९८ मिळतात, कारण आतली किंमत १९९८.९९९ अशी असते आणि अपूर्णांक कापला जातो. छापून पाहिलं तर मात्र १९९९ च दिसतं, म्हणून शोधणारा वेडा होतो. आधी राउंड करा, मग पूर्णांक करा.

दुसरा प्रकार पीएचपी ७.१ वर गेल्यावर दिसतो. पीएचपीच्या सेटिंगची जुनी आयएनआय फाइल तशीच नेली आणि तिच्यात सिरियलाइज प्रिसिजन ही सेटिंग १७ राहिली, तर जेसॉनमध्ये १९.९९ च्या जागी १९.९८९९९९९९९९९९९९८ जातं. ती किंमत उणे १ करा.

१३. मराठी नावं कुरिअरच्या लेबलवर चौकोन किंवा कचरा होऊन येतात.

दुकानात नीट दिसतं आणि बाहेर बिघडतं, म्हणजे बहुधा मजकूर यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या मावणारी अक्षर-पद्धत) आहे, पण तक्ता लॅटिन१ (फक्त युरोपीय अक्षरांची पद्धत) म्हणून नोंदलेला आहे. दुकान ज्या चुकीने लिहितं त्याच चुकीने वाचतं, म्हणून तिथे चूक दिसत नाही. तक्ता थेट यूटीएफ८एमबी४ (डेटाबेसमधलं पूर्ण यूटीएफ-८) मध्ये बदलू नका, त्याने मजकूर दुहेरी बिघडतो. आधी रकाना बायनरी करा, मग यूटीएफ८एमबी४. अर्थात बॅकअप घेऊन, आणि आधी प्रतीवर.

मायएसक्यूएल डेटाबेसच्या जुन्या "यूटीएफ८" मध्ये देवनागरी मावते, कारण अक्षराला तीन बाइट लागतात. इमोजीला चार लागतात. स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर गुपचूप कापला जातो. ग्राहकाने "नमस्कार", मग हात जोडलेली इमोजी आणि पुढे "मारुती मंदिरासमोर, दुसरा मजला" असं लिहिलं, तर कुरिअरवाल्याकडे पोहोचतो फक्त नमस्कार.

तिसरी गोष्ट: नाव ठरावीक लांबीत बसवण्यासाठी बाइट मोजून कापलं की अक्षर अर्धं तुटतं आणि जेसॉन बनतच नाही, फंक्शन फक्त "असत्य" परत करतं. मल्टिबाइट फंक्शन वापरा. जेसॉन बनलं की नाही हे तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका.

१४. जीएसटीचं ई-इन्व्हॉइस जुन्या दुकानातून काढता येईल?

आधी लागू आहे का ते पाहा. १ ऑगस्ट २०२३ पासून, २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही आर्थिक वर्षात ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर गेली, त्यांना व्यापारी ग्राहकांच्या बिलांसाठी ते लागतं. घरगुती ग्राहकाला विकलेल्या मालासाठी आयआरएन (ई-इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक) काढायचा नसतो. त्यामुळे जीएसटी क्रमांक दिलेल्या ऑर्डरीच या वाटेने जायला हव्यात.

जोडणी थेट किंवा जीएसपीमार्फत (मान्यताप्राप्त मध्यस्थ कंपनीमार्फत) होते. थेट जोडणीसाठी भारतातला स्थिर आयपी नोंदवावा लागतो, तो पुलाचा द्या. लॉगिन केल्यावर मिळणारं टोकन सहा तास चालतं. प्रत्येक बिलासाठी नवं टोकन मागणारा कोड लिहू नका. काढलेला आयआरएन चोवीस तासांतच रद्द करता येतो, नंतर क्रेडिट नोट. म्हणून रद्द झालेल्या ऑर्डरी रांगेत सर्वांत वर ठेवा. दहा कोटी आणि त्यावरच्या उलाढालीला १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून तीस दिवसांची मर्यादाही आहे.

१५. एसएमएस सेवेचं उत्तर "यशस्वी" येतं, पण ग्राहकाला मेसेज जात नाही.

डीएलटी (मोबाइल कंपन्यांकडची व्यावसायिक मेसेजची) नोंदणीचा टेम्प्लेट आणि तुमचा मजकूर जुळत नसणार. एक स्वल्पविराम वेगळा असला तरी मेसेज मोबाइल कंपनीकडे अडतो. "यशस्वी" म्हणजे सेवेने तो स्वीकारला एवढंच. पोहोचल्याचा अहवाल वेगळा मागवा.

१६. लहान ऑर्डरी जातात, जास्त वस्तूंच्या अडकतात. कोडमध्ये तर काहीच फरक नाही!

जुनं कर्ल १०२४ बाइटपेक्षा मोठा मजकूर पाठवण्याआधी "पाठवू का?" असं विचारणारं एक्स्पेक्ट हेडर लावतं. काही सर्व्हर त्याला ४१७ (नकार) देतात, काही गप्प बसतात. ते हेडर रिकामं करून पाठवा. याच लक्षणाचं दुसरं कारण प्रश्न १३ मधलं: जास्त वस्तू, म्हणजे एखादं तुटलेलं नाव असण्याची शक्यता जास्त.

१७. समोरच्याने सोप (जुन्या प्रकारच्या वेबसेवेच्या) सेवेत बदल केला, आम्हीही केला, तरी जुनंच चालतंय.

पीएचपी डब्ल्यूएसडीएलची (सोप सेवेचं वर्णन असलेल्या फाइलची) प्रत टेंप फोल्डरमध्ये चोवीस तास जपून ठेवतं. ती फाइल पुसा.

१८. सही बरोबर आहे, किल्ली बरोबर आहे, तरी "अनधिकृत" येतं, तेही कधीकधीच.

सर्व्हरचं घड्याळ बघा. ओऑथ १.० सारख्या ओळख पटवण्याच्या पद्धतींत वेळ सहीचाच भाग असतो, आणि वेळ जुळवणारी सेवा बंद पडलेला जुना सर्व्हर काही मिनिटं मागेपुढे सरकतो. बरोबर साडेपाच तासांचा फरक असेल तर घड्याळ ठीक आहे, कोड भारतीय वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) म्हणून पाठवतोय.

१९. पूल चालू आहे, सगळं नीट आहे. मग दुकान हलवायची गरज आहे का?

आहे. पुलाने बाहेर जायची वाट सुरक्षित झाली, पण ग्राहकासाठी उघडा असलेला दरवाजा अजून जुनाच आहे. मॅजेंटो १ च्या दुकानांत पेमेंटच्या पानावर चोरटी जावास्क्रिप्ट घुसवण्याचे प्रकार जगभर झाले आहेत, आणि तुमच्या गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेला पत्ता-फोन त्याच सर्व्हरवर आहे.

हंगाम संपल्यावर, आमराईची कामं शांत असताना हलवा. आधी तोच कोड ओपनमेजवर आणि नव्या सर्व्हरवर आणा, नवं दुकान बांधायचा विचार त्यानंतर. पूल मोडू नका: सगळ्या सेवांचे पत्ते, नोंदवलेला आयपी आणि वेबहुक तिथे आहेत, त्यामुळे मागचं दुकान बदललं तरी गेटवे, कुरिअर आणि जीएसटीकडे पुन्हा नोंदणी करावी लागत नाही. जुना सर्व्हर महिनाभर फक्त वाचण्यापुरता, इंटरनेटपासून तोडून ठेवा. जुन्या बिलांची प्रत मागणारे फोन त्या महिन्यात येतातच.